धोकादायक मालाची तपासणी : विमान कंपनीने खोका न उघडता किती पाहायचे?

वजनकाटा

नमस्कार मंडळी. मालवाहतूक, विमानतळ आणि निर्यात या क्षेत्रांत काम करणारे बरेच सदस्य इथे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. मी एका विमान कंपनीच्या वतीने माल स्वीकारणाऱ्या कक्षात अलीकडेच रुजू झालो आहे. धोकादायक मालाच्या स्वीकृतीचे प्रशिक्षण पूर्ण झाले असले तरी सध्या वरिष्ठांच्या देखरेखीखालीच काम करतो. परवा आलेल्या एका खेपेवरून आमच्या कक्षात वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

खेप तशी नेहमीचीच होती : यूएन १२६३ (धोकादायक मालाचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक), पेंट, वर्ग ३ म्हणजे ज्वलनशील द्रव, पॅकिंग ग्रुप २ म्हणजे मध्यम धोक्याचा, फायबरबोर्डच्या एका खोक्यात ५ लिटरचे ४ पत्र्याचे डबे. घोषणापत्र नीट भरलेले होते आणि केवळ मालवाहू विमानाने न्यायचा माल असल्यामुळे खोक्यावर त्याचे नारिंगी लेबलही होते. खालच्या एका कोपऱ्यावर मात्र तळहाताएवढा डाग होता. हाताला तो कोरडा लागत होता आणि वासही येत नव्हता, पण तेवढ्या भागातला पुठ्ठा बोटाने दाबला तर आत जात होता. प्रेषकाचा माणूस म्हणाला, गाडीत पाण्याची बाटली सांडली होती.

आमच्या एका वरिष्ठांचे मत असे पडले की आतल्या मालाची हमी प्रेषकाने सही करून दिलेली आहे, आपण कागद आणि लेबल पाहावे आणि पुढे पाठवावे. दुसऱ्या वरिष्ठांनी काही न बोलता खेप परत केली. माझे प्रश्न दोन. पहिला, या डागावरून खेप नाकारणे योग्य होते का? दुसरा, खोका उघडायची मुभा नसताना विमान कंपनीची तपासणी नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते?

जुनाजाणता

चांगला विषय काढलात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते सरळ आहे, खेप परत करणे योग्यच होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या तांत्रिक सूचनांप्रमाणे पुड्यातून गळती होत नसल्याची आणि त्याच्या भक्कमपणाला बाधा आल्याची खूण नसल्याची खात्री विमान कंपनीने करायची असते. यात ‘खूण’ पुरेशी आहे. डाग कशाचा होता हे सिद्ध करण्याचा भार स्वीकृती कक्षावर नसतो. मऊ पडलेला पुठ्ठा हीच बाधा झाली, मग तो पाण्याने मऊ पडलेला असो की आणखी कशाने. फायबरबोर्डच्या खोक्याची यूएन चाचणी होते, तेव्हा त्याची रचून ठेवण्याची आणि पडण्याची ताकद धड पुठ्ठ्यावर मोजलेली असते. ओला होऊन वाळलेला पुठ्ठा ती ताकद देईल असे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल, कारण विमान कंपनीची तपासणी ही एकच तपासणी नसते. स्वीकारताना, विमानात किंवा पॅलेटवर (माल रचायच्या सपाट तळावर) चढवण्याआधी आणि उतरवल्यावर अशी ती निदान तीनदा होते आणि प्रत्येक वेळी पाहणारा माणूस वेगळा असतो. बहुतेक वाद पहिल्या टप्प्यावर होतात, म्हणून तेवढेच लिहितो.

स्वीकृतीच्या वेळी चेकलिस्ट भरावी लागते. कागदावरचा यूएन क्रमांक, मालाचे अधिकृत नाव, वर्ग, पॅकिंग ग्रुप, प्रमाण, पॅकिंग सूचनेचा क्रमांक आणि सही हे एकमेकांशी जुळले पाहिजे, आणि तेच सगळे खोक्यावरही जुळले पाहिजे. तुमच्या खेपेत पॅकिंग ग्रुप २ च्या पेंटचे २० लिटर एका खोक्यात होते. प्रवासी विमानासाठी एका पुड्यात ५ लिटरची मर्यादा आहे, मालवाहू विमानासाठी ६० लिटरची. म्हणजे नारिंगी लेबल नसते, तर खोका नवाकोरा असूनही परत गेला असता. यानंतर यूएन चाचणीची खूण वाचायची. ४जी म्हणजे फायबरबोर्डचा खोका, पुढे वाय म्हणजे पॅकिंग ग्रुप २ आणि ३ ला चालणारा, आणि त्यापुढचा आकडा एकूण वजनाची मर्यादा सांगतो. तिथे २५ छापलेले असेल आणि काट्यावर २८ किलो भरत असतील, तर तो खोका त्या मालासाठी नाहीच. द्रव असल्यामुळे दिशादर्शक बाण समोरासमोरच्या दोन बाजूंवर हवेत. चेकलिस्टमध्ये एकाही ठिकाणी ‘नाही’ आले की माल स्वीकारायचा नाही.

यातले काहीही पाहायला खोका उघडावा लागत नाही.

निर्यातवाला

दुसरी बाजू मांडतो, कारण मी काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभा असतो. डागावर माझा आक्षेप नाही, पण ‘एक नाही आले की परत’ या वाक्याचा जो वापर होतो त्यावर आहे. अधिकृत नावात एक स्वल्पविराम राहिला म्हणून माझी खेप परत आलेली आहे. त्या दिवशीचे विमान गेले, ग्राहकाचा कारखाना थांबला आणि आमच्या गोदामात तोच माल आणखी दोन रात्री पडून राहिला. धोकादायक माल पुन्हापुन्हा चढवणे-उतरवणे हाच एक धोका आहे, हे तपासनीसांनी कधी लक्षात घेतले आहे का?

चिकित्सक

@निर्यातवाला, तुमची ती खेप नियमाप्रमाणे परत यायला नको होती. नावातला बिंदू किंवा स्वल्पविराम राहणे, तसेच लेबलच्या अर्थाला बाधा न आणणारा किरकोळ फरक असणे, या चुका धरू नयेत असे आयकाओच्या सूचनांत आणि आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमपुस्तकातही स्पष्ट लिहिलेले आहे. तपासनीसाने हे वाचलेले नसेल तर त्याला ते पान दाखवा.

मात्र हीच सवलत घोषणापत्रातल्या खाडाखोडीला लागू नाही. प्रमाणाचा आकडा खोडून नवा लिहिला असेल, तर मूळ घोषणापत्रावर ज्याची सही आहे त्याचीच, तशीच सही त्या दुरुस्तीपाशी हवी. गाडीचालकाने खिशातले पेन काढून केलेली दुरुस्ती चालत नाही आणि चालूही नये.

निर्यातवाला

पान दाखवायची सूचना उत्तम आहे, पण तपासनीसाला नियमपुस्तकातले पान दाखवणारा प्रेषक पुढच्या खेपेला कोणत्या रांगेत उभा राहतो, हेही कोणीतरी लिहावे.

शब्दवेल्हाळ

मी या क्षेत्रातली नाही, नुसती वाचते आहे. पेंटच्या खोक्यावरचा डाग रंगीत नव्हता म्हणून एवढी चर्चा झाली, रंगीत असता तर धाग्याला एकच प्रतिसाद आला असता. आता एक शंका. प्रेषक खोटे लिहीत असेल आणि खोका बाहेरून अगदी नीट असेल, तर विमान कंपनी दोषी ठरते का?

कलमबहाद्दर

ताई, तुमची शंका हाच या विषयाचा गाभा आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असला तरी अमेरिकेतला नियम या मुद्द्यावर पुरेसा स्पष्ट आहे, म्हणून त्याचे उदाहरण देतो. तिथल्या संघीय नियमसंहितेच्या ४९ व्या शीर्षकातील कलम १७५.३० विमान कंपनीवर स्वीकृतीपूर्व तपासणीचे बंधन घालते. माल विमानाने नेण्यास परवानगी असलेला आणि प्रमाणाच्या मर्यादेत हवा, कागदावर त्याचे वर्णन आणि प्रमाणन हवे, लेबल आणि खुणा हव्यात आणि पुडा, बाहेरचे आवरण किंवा ओव्हरपॅक (एक किंवा अधिक पुडे एकत्र ठेवणारे वेष्टन) यांना भोक, गळती किंवा भक्कमपणा गेल्याची दुसरी कोणतीही खूण नको. किरणोत्सारी माल असेल तर सील तुटलेले नको. ही सगळी तपासणी बाहेरूनच होते.

त्याच शीर्षकाच्या कलम १७१.२ मध्ये म्हटले आहे की वाहतूकदाराने प्रेषकाने दिलेल्या माहितीवर विसंबून राहायला हरकत नाही, मात्र ती माहिती चुकीची असल्याचे त्याला ठाऊक असेल, किंवा त्याच्या जागी वाजवी काळजी घेणाऱ्या कोणाही माणसाला ते ठाऊक झाले असते, तर ही सवलत मिळत नाही. म्हणून ‘सही प्रेषकाची आहे’ हे मूळ धाग्यातल्या पहिल्या वरिष्ठांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. आत कोणता रंग आहे, याबद्दल सहीवर विसंबता येते. डोळ्यांसमोरच्या मऊ कोपऱ्याबद्दल येत नाही, कारण ती माहिती प्रेषकाने दिलेली नसून तपासनीसाने स्वतः पाहिलेली आहे.

रनवे_नऊ

मग व्हॅल्यूजेटचा उल्लेख यायलाच हवा. ११ मे १९९६ रोजी मायामीहून अटलांटाला निघालेले व्हॅल्यूजेटचे डीसी-९, उड्डाण क्रमांक ५९२, एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि विमानातले सर्व ११० जण मरण पावले. सामानकक्षात रासायनिक ऑक्सिजन जनित्रांचे ५ खोके होते. जनित्रे मुदत संपलेली असली तरी भरलेली होती, त्यांच्यावर सुरक्षा टोप्या बसवलेल्या नव्हत्या आणि कागदावर मात्र ती ‘रिकामी’ दाखवली होती. माल देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराकडून आलेला, म्हणजे जवळजवळ घरचाच, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. मुळात त्या विमान कंपनीला धोकादायक माल नेण्याची परवानगीच नव्हती.

चौकशी मंडळाने कंत्राटदाराच्या पॅकिंगला आणि कागदपत्रांना दोष दिला, त्या कंत्राटदारावर देखरेख न ठेवल्याबद्दल विमान कंपनीला दिला आणि त्या प्रकारच्या सामानकक्षात धूरशोधक व अग्निशामक यंत्रणा सक्तीची न केल्याबद्दल नियामकालाही दिला. विमान कंपनी ‘आम्हाला खोटे सांगितले’ एवढे म्हणून सुटली नाही.

जुनाजाणता

उदाहरण मोठे आहे, पण या धाग्याच्या प्रश्नाला ते नेमके लागू पडत नाही. तो माल धोकादायक म्हणून घोषितच झालेला नव्हता, त्यामुळे स्वीकृतीच्या चेकलिस्टपर्यंत तो कधी पोचलाच नाही. चेकलिस्ट कितीही कडक केली, तरी जो खोका सामान्य माल म्हणून दुसऱ्या खिडकीतून आत जातो त्याला ती लागत नाही.

रनवे_नऊ

मी उलट म्हणेन की तपासणीचे बंधन सर्वांत जास्त तिथेच लागू पडते. घोषित केलेल्या खेपेत निदान प्रेषकाने विचार केलेला असतो. अघोषित माल ओळखणे हेही विमान कंपनीच्या प्रशिक्षणातच येते आणि ते केवळ धोकादायक मालाच्या खिडकीवरच्या माणसापुरते नाही, सामान्य माल घेणाऱ्यालाही ते लागते. ‘विमानाचे सुटे भाग’ असे मोघम वर्णन आले की आत ऑक्सिजन जनित्र, इंधनाचे अवशेष असलेला भाग किंवा बॅटरी असू शकते. ‘वाहनाचे भाग’ म्हटले की एअरबॅग आठवली पाहिजे. ‘प्रयोगशाळेचे साहित्य’, ‘गिर्यारोहणाचे सामान’, ‘घरगुती वस्तू’ ही सगळी वर्णने नियमपुस्तकातल्या इशाऱ्याच्या यादीत आहेत. असे वर्णन दिसले की प्रेषकाला आत नक्की काय आहे ते विचारायचे आणि धोकादायक काही नसल्याचे त्याच्याकडून लेखी घ्यायचे.

आणखी एक सोपी खूण आहे. खोक्यावर वाहतुकीचे लेबल नसले, तरी रसायनांच्या डब्यावर असते तसे लाल किनारीच्या चौकटीतले ज्वाळेचे किंवा कवटीचे चित्र कुठेतरी छापलेले दिसते. कागदावर ‘सामान्य माल’ आणि पुठ्ठ्यावर ज्वाळा, असे दिसताच हात थांबला पाहिजे.

जुनाजाणता

हे मान्य. माझा मुद्दा फक्त चेकलिस्टपुरता होता.

अभिलेख

जुने उदाहरण देतो, कारण त्यात बाहेरून काय दिसते आणि काय दिसत नाही हे दोन्ही आहे. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन अॅमचे मालवाहू बोइंग ७०७, उड्डाण क्रमांक १६०, सामानातून निघालेल्या धुराने कॉकपिट भरल्यावर बॉस्टनच्या लोगन विमानतळावर उतरण्याच्या प्रयत्नात कोसळले आणि तिघेही वैमानिक-कर्मचारी मरण पावले. मालात नायट्रिक अॅसिडच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्याभोवती लाकडाचा भुसा भरलेला होता. नायट्रिक अॅसिड ऑक्सिडीकारक असल्यामुळे सांडलेले अॅसिड भुशाला लागले की भुसा तापून धुमसू लागतो. भुसा आत होता, तो स्वीकृतीच्या खिडकीवरून दिसणे शक्य नव्हते. पण खोक्यांवर पुरेशी लेबले नसणे आणि वरची बाजू वर न ठेवता खोके आडवे रचणे, या गोष्टी उघड्या डोळ्यांना दिसण्यासारख्या होत्या. ३ जानेवारी १९७५ पासून अमेरिकेत धोकादायक मालाच्या वाहतुकीचा स्वतंत्र कायदा लागू झाला, त्यामागे या अपघाताचा मोठा वाटा होता.

रॅम्पवाला

वरच्या प्रतिसादातला ‘आडवे रचणे’ हा मुद्दा आमच्या खात्यातला आहे, म्हणून लिहितो. स्वीकृती कक्षातले लोक उजेडात, टेबलाशी, काटा आणि नियमपुस्तक हाताशी ठेवून तपासतात. त्यानंतर तोच खोका गोदामात सरकतो, फोर्कलिफ्टच्या पात्यावर चढतो, पॅलेटवर जाळीखाली दाबला जातो आणि पावसात विमानाशी उभा राहतो. म्हणून चढवण्यापूर्वीची तपासणी हे स्वतंत्र बंधन आहे. पुडा किंवा ओव्हरपॅक पॅलेटवर घेण्याच्या लगेच आधी गळती आणि नुकसान पाहायचे, आणि तयार झालेले पॅलेट किंवा कंटेनर विमानात चढवण्यापूर्वी त्यातून काही झिरपत नाही ना हे पुन्हा पाहायचे. पॅलेटच्या प्लॅस्टिकवर खालून हात फिरवला की ओल लगेच कळते. बाण वर आहेत का, वर्ग ३ चा खोका वर्ग ५.१ च्या ऑक्सिडीकारकापासून वेगळा ठेवला आहे का, दोऱ्या बांधल्या आहेत का, हेही आम्हीच पाहतो.

@वजनकाटा, तुमच्या त्या पेंटबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही. केवळ मालवाहू विमानाचे लेबल असलेला वर्ग ३, पॅकिंग ग्रुप २ चा माल विमानात कुठेही कोंबता येत नाही. उड्डाणात कर्मचाऱ्याला तो दिसेल, हाताळता येईल आणि गरज पडल्यास बाकीच्या मालापासून वेगळा करता येईल अशा जागी ठेवावा लागतो, नाहीतर आगीची सूचना देणारी आणि ती विझवणारी यंत्रणा असलेल्या कक्षात. तो खोका तुम्ही घेतला असता, तर तो मऊ कोपरा कदाचित वैमानिकाच्या पाठीमागेच प्रवास करत असता.

उड्डाणपूर्व

मी मालवाहू विमान चालवतो. ‘शेवटी सही कॅप्टनची असते, मग तपासणी त्याचीच’ असा एक समज रॅम्पवर आहे, तो चुकीचा आहे. आमच्या हाती येतो तो नोटॉक, म्हणजे विमानात कोणता धोकादायक माल कुठे आहे याची लेखी माहिती. त्यात यूएन क्रमांक, नाव, वर्ग, पुड्यांची संख्या, प्रमाण आणि जागा असते. शिवाय चढवण्यास जबाबदार असलेल्या माणसाने पुड्यांना नुकसान किंवा गळती झाल्याची खूण नव्हती असे त्यावर नोंदवायचे असते. माझी सही एवढेच सांगते की ही माहिती मला मिळाली. खोके मी पाहिलेले नसतात आणि बहुतेक वेळा ते जाळीमागे दिसतही नाहीत.

त्यामुळे ती नोंद सवयीने भरणाऱ्या लोडरला मी नेहमी एक प्रश्न विचारतो, ‘तुम्ही स्वतः पाहिलेत का?’ उत्तर द्यायला जितका वेळ लागतो, त्यावरून पुष्कळ कळते.

शब्दवेल्हाळ

थोडे अवांतर, पण मालाशीच संबंधित. औषधांच्या खोक्यांत ड्राय आइस घालतात, तो वाटेत उडून जातो. मग चेकलिस्टमध्ये वजन कोणते लिहायचे? उतरताना माल कमी भरला म्हणून चोरीची तक्रार होते का?

चिकित्सक

ताई, चोर हवेत विरून गेल्यामुळे तक्रार टिकत नाही. ड्राय आइस यूएन १८४५ या क्रमांकाखाली वर्ग ९ मध्ये, म्हणजे संकीर्ण धोकादायक मालात येतो आणि प्रेषकाने माल देताना भरलेले निव्वळ वजन पुड्यावर लिहायचे असते. एका पुड्याची मर्यादा २०० किलो आहे. आत दुसरा धोकादायक माल नसेल तर प्रेषकाचे घोषणापत्र लागत नाही, एअर वे बिलावरची, म्हणजे विमान मालवाहतुकीच्या कागदावरची नोंद पुरते. पण म्हणून तपासणी टळत नाही, आयाटाने त्यासाठी वेगळी चेकलिस्ट दिलेली आहे. तिथे पाहायची मुख्य गोष्ट अशी की वायू बाहेर पडायला वाट आहे का. उत्साही पॅकरने सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या असतील तर आत दाब वाढत जातो. आणि जिवंत प्राणी त्याच कक्षात असतील तर कार्बन डायऑक्साइडमुळे अंतर आणि हवा खेळती राहणे, या दोन्ही गोष्टी चढवणाऱ्याने पाहाव्या लागतात.

बॅटरीबाबा

मूळ प्रश्नातल्या ‘कुठे संपते’ या भागावर लिथियम बॅटरीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. नुसत्या पाठवल्या जाणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्या, म्हणजे यूएन ३४८०, १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत आणि मालवाहू विमानातही त्यांचा चार्ज क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा लागतो. आता हा ३० टक्के चार्ज तपासनीसाने बाहेरून कसा पाहायचा? पाहताच येत नाही. इथे प्रेषकाच्या शब्दावर विसंबणे भाग आहे. स्वीकृती कक्षाला पाहता येते ते लेबल, बॅटरीची खूण, यूएन क्रमांक आणि खोक्याला दाब बसल्याच्या खुणा. चिरडलेला कोपरा पेंटच्या खोक्यात गळतीची शंका आणतो, तर बॅटरीच्या खोक्यात आतल्या शॉर्ट सर्किटची आणतो.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेले यूपीएसचे मालवाहू ७४७, उड्डाण क्रमांक ६, सामानातल्या आगीमुळे कोसळले आणि दोन्ही वैमानिक मरण पावले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, आणि निदान तीन खेपांमधल्या बॅटऱ्या वर्ग ९ मध्ये घोषित व्हायला हव्या असताना झालेल्या नव्हत्या, असे चौकशी अहवालात नोंदलेले आहे. @जुनाजाणता आणि @रनवे_नऊ यांच्या वादात माझे मत यामुळे रनवे_नऊ यांच्या बाजूला जाते. घोषित खेपेच्या खोक्यावर आपण मोजपट्टी लावून लेबलची बाजू १०० मिलिमीटर आहे का ते पाहतो आणि शेजारच्या खिडकीतून ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू’ लिहिलेले वीस खोके विनाप्रश्न आत जातात.

निर्यातवाला

बाबा, हे तुम्ही लिहिलेत ते बरे झाले. आम्ही लिहिले असते तर ‘प्रेषक सुटू पाहतो’ असे म्हटले गेले असते. खरे घोषित करणाऱ्याला चेकलिस्ट, शुल्क आणि नकार मिळतो, न करणाऱ्याला त्याच दिवशीचे विमान मिळते. तपासणी करणाऱ्यांनी हे उलटे बक्षीस थांबवावे एवढीच मागणी आहे.

अभिलेख

उतरवतानाच्या तपासणीवर अजून कोणीच लिहिलेले नाही. माल पोचला म्हणजे काम संपले अशी भावना असते, पण पुडे उतरवल्यावर गळती आणि नुकसान पाहणे हेही विमान कंपनीचेच बंधन आहे. १५ मार्च २००० रोजी बीजिंगहून क्वालालंपूरला आलेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एअरबस ए३३० मधून डबे उतरवताना गळती लक्षात आली. कागदावर निरुपद्रवी घन रसायन लिहिलेले होते, प्रत्यक्षात आत ऑक्झॅलिल क्लोराइड हे संक्षारक द्रव होते. उतरवणारे कामगार आजारी पडले आणि विमानाच्या सांगाड्याला इतकी इजा झाली की ते पुन्हा कधी उडाले नाही. गळका पुडा सापडला तर तो बाजूला काढणे एवढ्यावर भागत नाही. त्या खेपेतले बाकीचे पुडे सुस्थितीत आहेत का, आणि शेजारचे सामान व विमानाचा तो भाग दूषित झाला आहे का, हेही पाहावे लागते.

वजनकाटा

सर्वांचे आभार. इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

ती खेप प्रेषकाने परत नेली आणि काल पुन्हा आणली. खोका नवा होता, यूएन खूण नव्याने छापलेली, घोषणापत्र मात्र तेच जुने होते. डाग कशाचा होता ते आम्हाला कळले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. पहिल्या वरिष्ठांचे म्हणणे पडले की परवा कागद तपासून झालेले आहेत, आता फक्त खोका पाहावा. त्यावरून पुन्हा तसाच वाद सुरू झाला.

दुसरे असे की परवाच्या नकाराची माहिती नियामकाला कळवायची होती का, हा प्रश्न राहून गेला.

कलमबहाद्दर

आधी दुसरा प्रश्न. अमेरिकेत कलम १७५.३१ प्रमाणे विसंगती कळवण्याचे बंधन माल स्वीकारल्यानंतर ती आढळली तर लागते : वर्णनापेक्षा वेगळा माल, मर्यादेपेक्षा जास्त प्रमाण, आतले डबे बाणांच्या दिशेने नसणे, शोषक साहित्य अपुरे असणे, अशा गोष्टी. काउंटरवरच नाकारलेली घोषित खेप त्यात येत नाही. अघोषित किंवा खोटा घोषित केलेला माल सापडला तर तो कळवण्याची अपेक्षा आयकाओच्या सूचनांतही आहे. तुमच्या देशातला नियम आणि कंपनीची कार्यपद्धती पाहून घ्या, पण मऊ कोपऱ्याचा खोका त्या वर्गात बसत नाही असे मला वाटते.

जुनाजाणता

आणि पहिला. पूर्ण चेकलिस्ट नव्याने भरा. परवाची चेकलिस्ट नकारावर संपली, ती आजच्या खोक्याला लागत नाही. घोषणापत्र तेच चालू शकते, पण नवा खोका ४जी च आहे का, डबे तेवढेच आहेत का आणि एकूण वजन नव्या खुणेच्या आकड्यात बसते का, हे पुन्हा जुळवावे लागेल. घाईत पुन्हा पॅक केलेल्या खोक्यावर नारिंगी लेबल लावायचे राहून जाते, हे मी बरेचदा पाहिले आहे. बाणही दोन्ही बाजूंना आहेत का बघा. स्वीकारलीत तर कागदांच्या प्रती निदान तीन महिने जपून ठेवायच्या असतात, आणि परवाची नकाराची चेकलिस्टही त्याच फाइलला लावून ठेवा.

वजनकाटा

लेबल होते. बाण एकाच बाजूला होते. प्रेषकाचा माणूस दुसरा बाण आणायला गेला आहे.